कंपाउंडरकाकांच्या माश्या

कंपाउंडरकाका कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती उजेडाकडे धरत आणि हलवून बघत. दुधाची पिशवी असो, कोकम सरबताचा पेला असो, नाहीतर विजेचं बिल असो. बिल हलवून काय कळतं, असं मी एकदा त्यांना विचारलंही होतं. "सवय गो," ते म्हणाले, "हलवल्याशिवाय खाली काय बसलंय ते दिसत नाय." उभा जन्म त्यांनी रत्नागिरीतल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात तांबडं औषध बाटल्यांत भरण्यात आणि बाटलीवर कागदी पट्टीने डोसांच्या खुणा करण्यात घालवला. डॉक्टर गेले, दवाखाना बंद झाला, तांबडं औषध तर त्याच्या आधीच गेलं होतं. काकांचं खरं नाव मात्र काही परत आलं नाही. भाट्याच्या पुढे आमच्या वाडीत पोस्टमनसुद्धा त्यांना कंपाउंडरच म्हणायचा.

आमच्या दोन घरांच्या मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा आहे. पलीकडे काकांचं घर, नारळाची सात-आठ झाडं आणि काकूंनी लावलेली फुलझाडं. अलीकडे आमचं घर आणि मागे हापूसची चौदा कलमं. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. माझे यजमान बोटीवर, मुलगी पुण्याला शिकायला. म्हणजे गडग्याच्या दोन्ही बाजूंना एकेकच माणूस. मी शाळेच्या ऑफिसात दिवसभर माणसांनी विटलेली असायची आणि काका दिवसभर माणसासाठी तहानलेले असायचे. संध्याकाळी मी कपडे काढायला दोरीशी गेले की पलीकडून हाक यायची, "वैशू, वायच थांब." हे वायच कधी अर्ध्या तासाच्या आत संपलं नाही.

आजार कुठलाही असो, काकांचा सल्ला डोसातच असायचा. मुलगी परीक्षेला घाबरली तेव्हा म्हणाले, "रोज एक धडा, जेवणानंतर." माझं आणि जाऊबाईंचं वाजलं तेव्हा म्हणाले, "तिच्याशी दिवसातून एकदाच बोल, तेही उपाशीपोटी नको." मी हसायची, पण तसंच करायची, आणि गुण यायचा हे कबूल केलं पाहिजे.

त्यांना मधमाश्या पाळायचं खूळ लागलं ते मुलामुळे. महेश पनवेलला असतो. काकू गेल्यापासून तो मागे लागला होता की घर बंद करा आणि आमच्याकडे चला. एकदा काकांकडून शेगडीवर दूध राहिलं, पातेलं जळून कोळसा झालं, आणि हे नेमकं महेश आलेला असताना झालं. "तुमचं तुम्हाला होत नाही आता," तो म्हणाला. काकांना ते फार लागलं. त्याच आठवड्यात ते तीन दिवसांच्या मधमाशीपालनाच्या प्रशिक्षणाला जाऊन बसले. तिथे सगळी पंचविशीतली पोरं, आणि त्यांत हे एकटे बाहत्तर वर्षांचे. पाऊस सरल्यावर रिक्षातून एक लाकडी पेटी मांडीवर घेऊन आले. आत सातेरी जातीच्या माश्यांची, पोळ्याच्या चार चौकटींची लहानशी वसाहत होती. महेशला त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. "मोहर संपेपर्यंत या जगवून दाखवतो. जगल्या तर मी इथेच. नाय जगल्या तर तू सांगशील त्या दिवशी बॅग भरतो." त्यांनी फोन ठेवला. मी म्हटलं, "काका, हे काय लावून घेतलंत?" ते म्हणाले, "अगो, या घरात एकतरी जीव माझ्या भरवशावर हाय हे दिसू दे की त्याला."

आता नवशिक्याने करायच्या तेवढ्या सगळ्या चुका काकांनी पहिल्या पंधरवड्यात करून घेतल्या. पेटी पश्चिमेकडे तोंड करून ठेवली. ऑक्टोबरच्या उन्हाने माश्या दारात गोळा होऊन पंख मारत बसल्या, तेव्हा सावलीत नेली. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायला विसरले आणि मुंग्यांची रांग लागली. पण सगळ्यांत मोठी चूक म्हणजे ते पेटी रोज उघडायचे. सकाळी आंघोळ झाली की नारळाच्या सोडणाचा धूर करून झाकण वर. प्रशिक्षणातल्या सरांनी आठ दिवसांतून एकदा बघा म्हणून बजावलं होतं. "पेशंट ॲडमिट केलाय," काका म्हणायचे, "राउंड नको घ्यायला?"

सातेरी माशी अशा लाडाला कंटाळते आणि घर सोडून जाते. एका सकाळी खरंच सगळ्या बाहेर येऊन पेटीभोवती घोंगावायला लागल्या. काका माझ्या नावाने ओरडत होते. मी गडगा ओलांडून गेले तर हे सदऱ्यानिशी भिजलेले, हातात झाडाला पाणी घालायची झारी, आणि माश्यांवर पाणी शिंपडत "नका गो जाऊ, नका गो जाऊ" म्हणून विनवत होते. राणी आतच होती बहुतेक, कारण तासाभराने त्या परत आत शिरल्या. काका तिथेच चिऱ्यावर बसले आणि रडले. काकूंच्या वेळीसुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी मी त्यांना दम भरला. पेटी फक्त रविवारी उघडायची आणि तीही मी समोर असल्याशिवाय नाही. त्यांनी निमूट मान डोलावली. तेव्हापासून आमचा रविवार ठरून गेला. नऊ वाजता मी वही घेऊन गडग्याच्या अलीकडे उभी, पलीकडे काका डोक्यावर जाळी घेऊन. ते एकेक चौकट उजेडाकडे धरत, ती मात्र हलवत नसत, आणि केसपेपर सांगावा तसं सांगत, "लिही. राणी दिसली. अंडी भरपूर. भूक बरी. पेशंट हुशारीत." मधल्या सहा दिवसांत ते हात पाठीमागे बांधून पेटीसमोर उभे राहायचे. हात पुढे आले तर झाकण उघडतील, अशी त्यांची त्यांनाच भीती. दिवाळी झाली तेव्हा चाराच्या सहा चौकटी भरल्या होत्या. थंडी पडेपर्यंत आठ व्हायला हव्यात, मग मोहरात चिंता नाही, असा त्यांचा हिशेब होता.

चिंता एकच होती, फवारणीची. आमच्याकडे मोहर यायच्या आधीपासून कलमांवर तुडतुड्यांसाठी औषध मारावंच लागतं, त्याला कोणाचा इलाज नाही. माझी चौदा कलमं मी पूर्णगडच्या रफीकभाईंना कराराने दिलेली आहेत. रफीकभाई शब्दाचा माणूस. काका आणि ते आणि मी, तिघांनी उभ्याउभ्याच ठरवलं: फवारणीच्या आदल्या संध्याकाळी रफीकभाई मला फोन करतील, मी गडग्यावरून काकांना सांगेन, आणि अंधार पडून माश्या आत परतल्या की काका पेटीच्या दाराला जाळी लावून त्यांना एक दिवस कोंडून ठेवतील. दोनदा हे बिनबोभाट पार पडलं. दोन्ही वेळा मी एक वाक्य सांगायला गेले आणि तासभर अडकले.

तिसऱ्या वेळी रफीकभाईंचा फोन आला तेव्हा मी खोबरं खवत होते. त्या वर्षी थंडी लवकर पडली होती आणि आमच्या दोन कलमांना नोव्हेंबरातच मोहर फुटला होता. काकांच्या माश्या दिवसभर त्याच्यावर असायच्या. फोन ठेवून मी खिडकीतून पाहिलं. काका पडवीत बसलेले दिसले, समोर रिकामी खुर्ची. शाळेत त्या दिवशी तपासणी होती, माझं डोकं भणभणत होतं. आता गेले की खुर्चीत बसवतील, राणीचं पुराण सुरू होईल, आठ वाजतील. मी मनाशी म्हटलं, सकाळी सांगू. रफीकभाईंची माणसं आठाच्या आत कधी येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती साडेसहाला आली. मी पंपाच्या आवाजानेच जागी झाले. तशीच धावत मागच्या दारी गेले, तर मोहरावर औषधाचा धूर धरलेला आणि पलीकडून माश्यांची ये-जा चालू झालेली. थांबवा म्हणून मी ओरडले, त्यांनी पंप थांबवलाही, पण ती दोन कलमं झाली होती. मी घरात आले आणि दार लावून घेतलं. काकांकडे गेले नाही.

दुपारी शाळेतून आले तेव्हा काका पेटीसमोर उकिडवे बसले होते. जमिनीवर माश्यांचा खच. काही अजून पाठीवर पडून गरगर फिरत होत्या. मऊ ब्रशने ते त्या वर्तमानपत्रावर गोळा करत होते. मी गडग्याशी गेले आणि विचारलं, "काय झालं हो काका?" जसं काही मला ठाऊकच नव्हतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "कायतरी बाधलं गो यांना." चार दिवसांत पेटी रिकामी झाली. वाडीत जो विचारी त्याला ते सांगायचे, "माझंच चुकलं. उघडून उघडून हैराण केल्या मी." महेशलाही तेच सांगितलं. हे माझ्या कानावर आलं तेव्हा मला गडग्याकडे बघवेना.

मग मी कपडे वाळत घालायची दोरी पुढच्या अंगणात बांधली. काकांची हाक आली की मिक्सर लावायची. हे लिहायलाही लाज वाटते, पण असं दोन महिने केलं. रविवारी नऊच्या सुमाराला काका गडग्याशी येऊन उभे राहायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ते दिसायचे. मला वाटायचं, आता हा माणूस मला जाब विचारणार. मी आतल्या खोलीत जाऊन बसायची. काही वेळाने पाहावं तर ते गेलेले असायचे.

जानेवारीच्या शेवटी महेश गाडी घेऊन आला. डिकीत बॅगा चढताना पाहिल्या तेव्हा माझ्याने राहवेना. काका पडवीत बसले होते, अंगात इस्त्रीचा सदरा, पायांत मोजे. मी समोर उभी राहिले आणि एका दमात बोलून टाकलं. फोन मला आदल्या संध्याकाळी आला होता. मी तुम्हाला सांगितलं नाही. आळस केला.

"माहीत हाय," काका म्हणाले. "रफीक दुसऱ्याच दिवशी येऊन सांगून गेला. रडवेला झाला होता बिचारा."

"मग तुम्ही मला बोलला का नाहीत? चार शिव्या द्यायच्या."

"कधी बोलणार गो? तू समोर कुठे आलीस?" ते रागावले नव्हते. दमलेले वाटले. "माश्यांचं एवढं नाय. प्रशिक्षणातले सर म्हणाले होते, दुसरी वसाहत देतो, घेऊन जा. महेशपण म्हणाला, आणा हवी तर, मोहर संपायला वेळ हाय अजून. मी होय म्हणून बसलो होतो. पाच रविवार गडग्याशी उभा राहिलो, रविवारची परत समोर उभी ऱ्हाशील काय, ते तुला विचारायला. तू आतून बघायचीस नि मागे सरायचीस. दिसायचं मला." त्यांनी मोजा वर ओढला. "मग सरांना नको म्हणून कळवलं. पेटी उघडायची कोणासमोर?"

महेशने हॉर्न वाजवला. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि "बरी ऱ्हा" म्हणाले. पुढच्याच पावसाळ्यात काका पनवेलला वारले. मला कळलं ते तेराव्यानंतर.

दोन महिने मी माश्या मेल्याबद्दलची माफी मनात घोकत होते, आणि काकांना ती नकोच होती. आमच्या स्वयंपाकघरापासून गडगा वीस पावलांवर आहे. त्या पाचांतल्या एका रविवारी मी तेवढी चालले असते, तर काका इथेच राहिले असते.