वर नुसते दगड आहेत

सुट्टीत अमेरिकेतल्या बेलव्ह्यूहून आम्ही जपानला गेलो, तेव्हा पुण्याहून आमच्याकडे राहायला आलेले बाबाही बरोबर होते. डोंगरमाथ्यावरच्या एका पडक्या किल्ल्याची चढण पाहून मी त्यांना पायथ्याच्या बसस्टॉपवर बसवलं.

"वर नुसते दगड आहेत, बाबा. गुडघ्यांना उगाच त्रास," मी म्हणालो. खरं तर त्यांच्या चालीनं चालायचा मला कंटाळा आला होता. ते फक्त "बरं" म्हणाले.

वर किल्ला असा उरलाच नव्हता. पण त्या दगडी तटावर उभं राहिलं, की पायांखाली सगळे ढगच. मी आणि माझी मुलगी बराच वेळ तिथून हललोच नाही.

उतरताना अर्ध्या वाटेवर बाबा दिसले. कुणीतरी दिलेली बांबूची काठी टेकत, घामाघूम होऊन एकटेच चढत होते.

"तुम्ही येईनात, म्हटलं बघावं तरी एवढं काय आहे. अजून किती राहिलंय रे?"

"बाबा, शेवटची बस चुकेल."

त्यांनी एकदा वर पाहिलं आणि काठी टेकत खाली वळले.

बेलव्ह्यूला परतल्यावर शेजारच्या काकांनी बाबांना विचारलं, "किल्ला कसा होता?"

"काय सांगू! ढग अगदी पायाखाली," बाबा म्हणाले. नातीनं दाखवलेल्या फोटोंवरून त्यांनी सगळा किल्ला रंगवून सांगितला. मी त्यांना खालीच बसवलं होतं, हे मात्र त्यांनी कळू दिलं नाही. चहाच्या निमित्तानं मी आत गेलो, आणि कितीतरी वेळ बाहेर यायचं धाडस होईना.