दर्यापार गेलेल्याची चौकशी

मी हे लिहायला बसलो, याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि कॅनडात ब्रॅम्पटनला येऊनही मी शिकतो ते मालवाहतुकीचं व्यवस्थापन. आजवर सलग असं जे लिहिलं ते असाइनमेंट आणि नोकरीचे अर्ज. पण थोरल्या काकांनी मला एक काम सांगितलं होतं, ते झालं, आणि कसं झालं हे फोनवर सांगायला गेलो की माझा दर वेळी गोंधळ होतो. म्हणून लिहितो.

आमचं गाव तळकोकणात. शिमग्याला देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. म्हणजे काकांनी गावाच्या वतीनं देवाला एकेक मागणी मोठ्यानं सांगायची आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागणीला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. भात पिकू दे, गुरं धड राहू देत, लग्नं जमू देत. शेवटची मागणी मात्र फक्त आमच्या घराची: "आणि जो दर्यापार गेलेलो आसा, तो सुखरूप पोचांदे, म्हाराजा."

हा दर्यापार गेलेला म्हणजे काकांच्या पणजोबांचा धाकटा भाऊ. मुंबईला बंदरात हमाली करत होता. मॉरिशसला उसाच्या मळ्यात काम आहे, करार केलास तर बोटीचं भाडं समोरचे भरतील, असं कुणी तरी सांगितलं आणि हा निघाला. बोटीत चढताना गावातल्या एकानं पाहिलं. त्यानंतर काही कळलं नाही. आता त्याचं नावही कुणाला आठवत नाही. गाऱ्हाण्यात तो अजून बोटीतच आहे.

कॅनडाला निघताना मी पाया पडलो, तेव्हा काका म्हणाले, "तू थंयच जातंस तर त्याची चौकशी कर."

"काका, मॉरिशस वेगळं, कॅनडा वेगळा. मध्ये खूप अंतर आहे."

"दोनय दर्यापारच मां?"

"आणि ते आता हयात नसणार."

"तां माका कळता. मेलो आसतलो. पोचलो काय, तां इचारतंय मी."

काकांचे गुडघे गेलेत. येत्या शिमग्यानंतर मान माझ्या चुलतभावाकडे जाणार होता, आणि ही अर्धवट राहिलेली मागणी पोराच्या गळ्यात घालायची नाही, असं काकांनी ठरवलं होतं. वर मला टोमणाही मारला: "त्याका न्हेवक त्यांनी भाडा भरल्यानी. तुका न्हेवक आपण भरतंव. आता शिकलेलो कोण, तां सांग."

ब्रॅम्पटनला आल्यावर बेसमेंट, वेअरहाऊसची शिफ्ट आणि परीक्षा यांत मी चौकशीचं विसरलो नव्हतो, कारण काका दर रविवारी विसरू देत नव्हते. शेवटी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला मी धीर करून माइक मागितला आणि विचारलं, "इथे मॉरिशसचं कुणी आहे का?" लगेच एक जोडपं पुढे आलं. फार प्रेमानं बोलले. अर्ध्या तासानंतर माझ्या लक्षात आलं की ते तिथे हनिमूनला गेले होते. तोवर मी त्यांच्या फोनवरचे सगळे फोटो पाहिले होते. हॉटेलातला नाश्ता तर दोनदा.

हे सगळं व्हिटबीच्या एक रिटायर्ड डॉक्टर काकू बघत होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. "माँट्रियालजवळ लव्हालला माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. मॉरिशसचे, मराठी. मराठी जपून बोलतात, फ्रेंच भरभर. जाशील?"

"जातो."

"या पातळ जॅकेटवर जाऊ नकोस. आणि गेल्या गेल्या वंशावळ विचारू नकोस. माणसं घाबरतात."

डिसेंबरच्या सुट्टीत बसनं माँट्रियाल आणि तिथून मेट्रोनं लव्हाल गाठलं. रात्रभर बर्फ पडला होता. दारात लाल टोपीतले एक म्हातारे गृहस्थ उभे होते. मी आमच्या घरातल्या दर्यापार गेलेल्याबद्दल पाठ केलेलं सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फावडं माझ्या हातात दिलं.

"बों. बरं. आधी शोव्हल कर. नातं मग बघू."

"पण नातं नसेल तर?"

"नसेल तर बर्फ गेला. तो पण फायदा."

ड्राइव्हवे साफ झाल्यावर आत त्यांच्या बायकोनं कॉफी आणि पुरणाच्या पुरीसारखं काही तरी दिलं. मी आडनाव विचारलं. ते म्हणाले, आमचं आडनाव म्हणजे आमच्या पणजोबाचं नाव, तिकडे तसंच लिहून घेत. मी खूश झालो, आणि मग आठवलं की आमच्याकडे आमच्या माणसाचं नावच नाही. कुलदैवत विचारलं. ते म्हणाले, "गणपती." मी म्हटलं, तो सगळ्यांचाच. गाव विचारलं. ते म्हणाले, "बॉम्बे." तोही सगळ्यांचाच.

मला हसू येईना आणि रडूही येईना. रविवारी काकांना काय सांगायचं? ड्राइव्हवे साफ केला, म्हणून?

त्यांच्या बायकोला दया आली असावी. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "त्याला ते म्हणून दाखव ना. गणपतीचं."

"ते त्याला काय कळणार? मला पण कळत नाही."

"म्हण तर."

म्हाताऱ्यांनी टोपी सारखी केली, उभे राहिले आणि एकदम निराळ्याच आवाजात म्हणाले, "दोन फणसांमधल्या देवा म्हाराजा, आमी सुखरूप पोचलो, म्हाराजा."

बायको कॉफी ओतता ओतता म्हणाली, "व्हय म्हाराजा."

दर गणपतीला आरतीनंतर घरातल्या मोठ्यानं हे म्हणायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. आजोबांनी शिकवलं, आजोबांना त्यांच्या बापानं.

"दोन फणसांमधला हा कुठला देव?" त्यांनी मला विचारलं. "मी कुठे ऐकला नाही."

"ते नाव नाही," मी म्हटलं. "पत्ता आहे."

आमच्या देवाला देऊळ नाही. दोन फणसांच्या मध्ये एक पाषाण आहे. म्हातारे झालेले फणस वठण्याआधी तिथेच नवे लावतात, आणि काकांचं गाऱ्हाणं याच शब्दांनी सुरू होतं. हे मी त्यांना सांगितलं.  मग म्हातारे म्हणाले, "म्हणजे शोव्हलिंग घरचंच झालं. पैसे द्यायला नको."

तिथूनच काकांना फोन लावला, लागला नाही. आमच्याकडे रेंज फक्त विहिरीवर येते आणि काकांना फक्त रविवारी खुर्चीत बसवून तिथे नेतात. मग या नव्या काकांचा आवाज रेकॉर्ड करून चुलतभावाला पाठवला. त्यानं अंगठ्याचा इमोजी पाठवला. पुढचे रविवार काकांचा फोनच आला नाही. इतके दिवस नकोसा वाटणारा फोन, आणि आता मी शिफ्टवर सारखा खिसा चाचपत होतो. त्यांना ते पटलं नाही की काय, की तब्येत बिघडली, काही कळेना. चुलतभाऊ म्हणे, "काका गप आसत. शिमगो होवंदे म्हणतत."

शिमगा झाल्यावर काकांना पुन्हा खुर्चीत बसवून विहिरीवर नेलं. मी बसस्टॉपवर होतो.

"गाऱ्हाणा घातलंय," काका म्हणाले. "त्याचो आवाज देवाक ऐकवलंय. सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटल्यानी. पोचलो तो. गाऱ्हाण्यातसून काढलंय त्याका."

माझी बस आली, ती मी जाऊ दिली.

"आयकतंस मां? त्याच्या जाग्यार तुका घातलंय."

"मला? काका, मी तर पोचलोय."

"तां देवाक आजून खंय माहीत आसा," काका म्हणाले. "तो सावकाश आयकता."