झऱ्याच्या वरच्या अंगाला

व्हर्लीन स्टिल्टनरनं उभी हयात व्हर्जिनियातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. केसांवर जाळी, हातात मोजे, आणि टेबलांवरून ओलं फडकं इतक्या वेळा फिरायचं की पोरं म्हणायची, हिच्या मॅकरोनीलासुद्धा साबणाचा वास येतो. अशी बाई निवृत्त झाल्यावर म्हणाली, की मी दक्षिणेच्या जॉर्जियापासून पार उत्तरेच्या मेनपर्यंत डोंगरवाटेनं चालत जाणार. तिची बहीण ओपल खुर्चीतून पडायचीच बाकी राहिली.

"तू? दुसऱ्याच्या ग्लासातलं पाणी पीत नाहीस, आणि महिनोन्‌महिने झाडामागं बसणार?"

"जन्मभर दुसऱ्यांना जाताना बघितलं. आता मी जाणार," व्हर्लीन म्हणाली.

नवऱ्याचे, डॉर्सीचे, गुडघे गेलेले. वाटेत रस्ता आडवा येईल तिथं गाडी घेऊन येतो, एवढं त्यानं कबूल केलं.

पहिल्याच आठवड्यात तिला कळलं की अस्वलांना भिण्याचं काही कारण नव्हतं. मुक्कामाला तीन भिंतींच्या, पुढून उघड्या लाकडी पडव्या. पाऊस लागला की सगळे तिथंच कोंबलेले, आणि डोक्यावर दोऱ्यांना दुसऱ्यांचे ओले मोजे लटकलेले. कुणी नूडल्स खाऊन भांडं बोटानं पुसून चाटणार, मग तेच बोट शेंगदाण्यांच्या पिशवीत घालून ती पिशवी पुढं करणार, "घे की मावशी!" एका सकाळी तिच्या टोपीत उंदराच्या लेंड्या सापडल्या. ती सतत जंतुनाशकानं हात चोळायची म्हणून पोरांनी तिचं नाव ठेवलं 'फिनेल'. त्या वाटेवर प्रत्येकाचं असं एक नवं नाव पडतंच. पण थोड्या दिवसांनी तिला स्वतःचा वास येईनासा झाला, आणि याची तिला उंदरांपेक्षा जास्त शिसारी आली.

त्या सगळ्या घाणीत एकच माणूस तिला माणसासारखा वाटला. ओहायोचा, मोटारी विकून निवृत्त झालेला लॉवेल क्रेबिल. दाढी रोजच्या रोज, शर्टाची कॉलर ताठ. पोरं त्याला 'इस्त्री' म्हणायची. तो जेवणाआधी टोपी काढायचा, आणि वाटेत दिसेल तो कागद उचलून नव्या पोरांना ऐकवायचा, "डोंगर जसा मिळाला तसाच मागं ठेवायचा, बाबांनो."

दोघं टेनेसीतून बरोबर चालली. माउंट रॉजर्सच्या उघड्या माळावर रानटी तट्टं जवळ आली आणि एक तट्टू व्हर्लीनची घामट पोटरी चाटायला लागलं. ती किंचाळली, आणि मग इतकी हसली की गवतातच बसली. "फिनेलबाई, आता पाय कापूनच टाका!" इस्त्री म्हणाला. महिनाभरात पहिल्यांदाच तिला वाटलं, आले ते बरं झालं.

त्यानंतर दोन मुक्काम सोडून एका पडवीत पावसानं तीन दिवस अडकवलं, आणि तिथं माणसं ओकायला लागली. आधी दोन पोरी, मग एक म्हातारा, मग व्हर्लीन. गाळणीतून पाणी गाळून प्यायली होती, तरी सगळा दिवस ती झुडपांत ओणवी होती. दुसऱ्या सकाळी पायांत जरा बळ आलं तशी ती बाटली घेऊन झऱ्यावर गेली. पाण्याला वास आल्यासारखा वाटला म्हणून चार पावलं वर चढली.

वर इस्त्री बसला होता. झऱ्याच्या अगदी काठावर, पँट खाली. आजूबाजूला आधीच्या दिवसांचे पांढरे कागद भिजून दगडांना चिकटलेले.

"अहो!" तो घाईनं उठला. "जरा आवाज द्यायचा!"

"हे सगळं तुझं?"

"पाऊस येतो, वाहून जातं. या वयात खड्डे कोण खणत बसणार?"

"खाली माणसं पाणी पितात, लॉवेल."

"गाळून पितात ना?" तो पट्टा आवळत म्हणाला. मग हळूच, "पोरांना नका सांगू. उगाच तमाशा."

तिला पुन्हा उमळून आलं. ती तिथंच ओकली. ती सावरेपर्यंत तो पाठीवर बोजा घेऊन पुढं निघूनही गेला होता. खुरपं घेऊन, नाकाला रुमाल बांधून तिनं झऱ्यापासून लांब खड्डा खणला आणि त्याची घाण त्यात लोटली. खाली येऊन पोरांना सगळं सांगितलं, पाणी दुसरीकडून आणायला लावलं. आजार त्याच्यामुळंच आला असं ठामपणे कुणी म्हणू शकलं नसतं. पण महिनाभर ती त्याच्या डब्यातली बिस्किटं खात होती, हे आठवून तिच्या अंगावर काटा यायचा.

पुढच्या गावात चर्चच्या बायकांनी वाटसरूंना जेवण ठेवलं होतं: तळलेली कोंबडी, घेवडा, मक्याचा पाव. डॉर्सी आला होता. तिनं दार उघडताच त्यानं गाडीच्या चारही काचा खाली केल्या.

"व्हर्ले, तू आहेस की मेलेलं हरीण?"

"गप बस."

हिरवळीवर पोचली तर घेवड्याच्या पातेल्यामागं डाव घेऊन इस्त्रीच उभा. कॉलर ताठ. सगळ्यांना वाढतोय, डोंगर जपायचं प्रवचन देतोय. डावातून सांडलेला घेवडा बोटानं निपटून पुन्हा पातेल्यात.

व्हर्लीन रांग सोडून सरळ पुढं गेली. "हात दाखव."

"फिनेलबाई, बऱ्या झालात?"

"डाव खाली ठेव आणि हात दाखव."

चर्चची एक बाई पुढं आली. "अहो ताई, पाहुण्यांशी असं बोलतात का?"

"यानं पिण्याच्या झऱ्यावर काय केलंय ते जेवणाआधी सांगू की नंतर?"

आजारी पडलेल्या पोरींतली एक रांगेतून म्हणाली, "आधीच सांगा, मावशी." इस्त्रीनं डाव ठेवला. म्हणाला, "बाईचं डोकं फिरलंय." पण त्याच्याकडं कुणी बघेना, आणि घेवड्याला कुणी हात लावेना. त्या बाईनं पातेलं उचललं आणि मागं नेऊन ओतून टाकलं. तो बोजा घेऊन सडकेनं चालता झाला. व्हर्लीनला विजय-बिजय काही वाटलं नाही. पुढ्यातली कोंबडी तिनं तशीच डॉर्सीकडं सरकवली.

पुढं ती पोटोमॅक नदीपर्यंत, जवळजवळ निम्म्या वाटेपर्यंत, चालली. पडवीत पुन्हा झोपली नाही, कुणाच्या खाऊच्या पिशवीत हात घातला नाही, कुणाशी नावापलीकडं बोलली नाही. नदीपाशी आपणहून गाडीत बसली.

"दमलीस?" डॉर्सीनं विचारलं.

"वीट आला. माणसांचा."

उरलेली वाट तिनं पुढच्या वर्षी उलट्या बाजूनं, मेनहून खाली, गर्दी चुकवून पुरी केली. वाट संपली ती पोटोमॅकच्याच काठी, तिथं फोटो काढायला कुणी नव्हतं. तिनं बूट काढले, पाय पुसले आणि डॉर्सीची वाट बघत बसली.