माधवराव डॉक्टर आणि आखाड्याची खाज

माधवराव डॉक्टरांपुढे कुणी मान खाली घालून "दोस्ताले जरा खाज सुटली" असं म्हटलं, की ते आधी उठून दवाखान्याचं दार लावत आणि म्हणत, "हं. आता दोस्ताचा लंगोट सोड." कारंज्यात त्यांनी तीस वर्षं डॉक्टरकी केली, पण त्यातल्या एकाही दोस्ताचं तोंड त्यांना दिसलं नाही.

एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमाराला मीही असाच दोस्ताचं नाव सांगत गेलो. वय चोवीस, लग्न दहा दिवसांवर आणि जांघेत आग! आमच्या आखाड्यात लंगोट खुंटीला टांगलेले असत. हाताला लागेल तो कसायचा, मग तो दुसऱ्याच्या घामानं ओला का असेना. माझा-तुझा करणारा पैलवान हलका समजला जाई. मी मात्र धरून चाललो की ही गर्मीच, बाहेरख्यालीपणाचा रोग. वाईट रस्त्याला कधी गेलो नव्हतो, नुसता एकदा वर्ध्याला तमाशा पाहिला होता. पण काय सांगावं, तेवढ्यानंही होत असेल! लग्न मोडायचं ठरवलं, आणि शेवटचा उपाय म्हणून बिब्ब्याचं तेल चोळलं. देवा रे! पुढचे दोन दिवस मी बसलो नाही, एवढंच सांगतो.

डॉक्टरांनी चष्मा नाकावर घेऊन पाहिलं.

"बिब्बा लावला काबे?"

"हो."

"शाब्बास! थोडा राकेल टाकून काडी लावाची होती."

"साहेब, गर्मी हाय ना? मी लग्न मोडतो."

"गजकरण हाय, लेका! साऱ्या आखाड्याले असन. पह्यले भाजलेलं बरं होऊ दे, मंग हे मलम लावजो. लंगोट सवताचा घे, उकळून उन्हात वाळव."

"उन्हात? लोक पाह्यतीन ना!"

"पाहू दे. लंगोटच दिसन, तू थोडाच हाय त्यात! अन् लग्न कर. महिनाभर बायकोपासून दूर राह्य. पण काऊन, ते तिले सांगजो."

"मले नाई जमत. उपवास हाय म्हणून सांगतो."

डॉक्टर एकदम चिडले. "दोस्ताचं खोटं मी चालवून घेतलं. तिच्यासंग नाई चालन!"

लग्न लागलं. आठ दिवस मी ओसरीवर निजलो, तोंडातून शब्द फुटेना. शेवटी एका सकाळी गोठ्यात ती शेण काढत होती, तेव्हा बैलाकडे तोंड करून डॉक्टरांच्या दटावणीसकट सगळं सांगून टाकलं. दुपारी पाहतो तर माझा लंगोट रस्त्याकडच्या कुंपणावर वाळत होता. त्याच आठवड्यात आमचे वस्तादही डॉक्टरांच्या ओट्यावर दिसले. त्यांच्याही कुठल्याशा दोस्ताला त्रास होता म्हणे.

डॉक्टर गेले ते म्हातारे होऊनच गेले. मला वाईट वाटलं, पण बायको हमसून हमसून रडली. मी चकितच झालो. तिनं उभ्या जन्मात त्यांना धड पाहिलंही नव्हतं.

"तू काऊन रडून राह्यली?" मी विचारलं.

"माह्या मोठ्या बहिणीचा नवराबी असाच दूर राह्यला," ती म्हणाली. "कायी बोललाच नाई. सहा महिन्यांनी तिच्यातच खोट हाय म्हणून माहेरी आणून सोडली. इथं आल्यावर मी आठ दिवस माहेरची पेटी उघडलीच नवती. तुमी गोठ्यात सांगतलं, तवा कुठं लुगडी काढून ठेवली."