समीर मुजावरचा पहिला सीझन

तुम्ही एकही मॅच बघायला आला नाहीत. कोण ते तुमचं तुम्हाला माहीत आहे. ‘आपल्याकडे क्रिकेटशिवाय काही चालतच नाही हो’ असे वर्षभर सुस्कारे टाकलेत. मग देशाची बास्केटबॉल लीग सुरू झाली, प्रवेश फुकट होता, मेट्रो जवळ होती, तरी आला नाहीत. आता निदान किस्से तरी ऐका. रिकाम्या स्टेडियममध्ये किस्से भराभर साठतात. त्यांना बसायला जागा भरपूर असते!

मी स्कोअरर होते. मैदानाच्या कडेला टेबलाशी बसायचं आणि बास्केट कोणी केली, फाउल कोणाचा, आत कोण आलं, बाहेर कोण गेलं, ते कागदावर लिहायचं. नाशिकहून यूपीएससीसाठी दिल्लीला आले, मुनिरक्यात, म्हणजे परीक्षेची तयारी करणाऱ्यांच्याच वस्तीत, खोली घेतली, दोन अटेम्प्ट दिले. कॉलेजच्या टीममध्ये होते म्हणून हे काम मिळालं.

टेबलावरच्या माणसानं कुणाची बाजू घ्यायची नसते. मी घेत होते. समीर मुजावरची. मिरजेचा पोरगा, वय बावीस, दिल्लीच्या टीममधला बारावा खेळाडू. बारावा म्हणजे बेंचवरचा शेवटचा. मिरजेत चौकात त्याच्या फोटोचा बॅनर लागला होता. इथे अर्धा सीझन संपला तरी त्याला कोचनं एक सेकंदही खेळवलं नव्हतं. घरी फोनवर तो ‘चाललंय चांगलं’ एवढंच सांगायचा.

*

लीगची सगळी व्यवस्था भल्लाजींकडे होती. त्यांचा मूळ धंदा लग्नं पार पाडण्याचा.

पहिल्याच मॅचला त्यांनी पाहुण्यांसाठी पांढऱ्या कव्हरचे सोफे आणले आणि बास्केटच्या मागे, अगदी लाइनला चिकटवून मांडले. तिसऱ्या मिनिटाला आमचा सहा फूट आठ इंची सेंटर चेंडूमागे धावला तो थेट सोफ्यात, दोन पाहुण्यांच्या मधोमध! रेफरीनं मॅच थांबवली.

मी भल्लाजींना म्हटलं, “सोफे दो मीटर पीछे लीजिए. नियम है.”

भल्लाजी दुखावले. “मैडम, सोफे तो सेट हो गए हैं. आप लाइन थोड़ी अंदर करवा लीजिए ना!”

शेवटी बेंचवरच्या पोरांनीच सोफे उचलले. एका टोकाला समीर होता. चालू सामन्यात मैदानावर पाऊल ठेवायची त्याची ती पहिली वेळ.

*

प्रमुख पाहुणे एकदा तिसऱ्या क्वार्टरमध्ये पोचले. भल्लाजींनी हात वर केला, डीजेनं ढोल लावला, मॅच थांबली. दोन्ही टीम रांगेत उभ्या करून ओळखपरेड! पोरं घामानं निथळत होती. साहेब प्रत्येकाशी हात मिळवायचे आणि हळूच रुमालाला पुसायचे.

समीरपाशी आले आणि थबकले. त्याचा हात दोन्ही हातांत धरून कोचकडे वळले.

“सबसे फिट तो ये लड़का है! पसीना तक नहीं आया!”

*

टीव्हीवर गर्दी दिसायला हवी, असा वरून फोन आला. भल्लाजींनी जवळच्या शाळांमधून चार बस भरून मुलं आणली आणि सगळी कॅमेऱ्यासमोरच्या एकाच स्टँडमध्ये बसवली. बाकीच्या तीन बाजूंना मिळून एक सिक्युरिटी गार्ड होता, तोही डबा खात होता.

मॅच संपल्यावर नाशिकहून आईचा फोन. “केवढी गं गर्दी! टीव्हीवर बघितलं मी. तुला बसायला जागा तरी मिळाली ना?”

*

मला धीर नाही हे माझे क्लासवालेही सांगायचे. तीन मॅच उरल्या तेव्हा मी कँटीनमध्ये कोचसमोर जाऊन बसले. कोच पानिपतचे, साठीच्या आसपासचे, कमी बोलणारे.

“सर, समीर को कब खिलाएँगे? लड़का चार महीने से सिर्फ तैयारी कर रहा है!”

त्यांनी ब्रेड पकोड्याचा तुकडा शांतपणे चटणीत बुडवला.

“बिटिया, तू मुनिरका में रहती है ना?”

“हो. म्हणजे, हाँ.”

“वहाँ सब क्या कर रहे हैं?”

*

शेवटच्या मॅचला समीरचे अब्बा आले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, रेल्वेनं दीड दिवसाचा प्रवास करून आलेले. बास्केटबॉल ते जन्मात पहिल्यांदा बघत होते. माझ्या टेबलामागे दुसऱ्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसले.

मॅच हातची गेलीच होती. बावीस गुणांनी मागे होतो. अठ्ठेचाळीस सेकंद उरले आणि कोचनं मान न वळवता हाक मारली, “मुजावर! जा.”

आता एक सांगायला हवं. बास्केटबॉलमध्ये बदली खेळाडूला वाटेल तेव्हा आत जाता येत नाही. त्यानं टेबलाशी येऊन सांगायचं, शेजारच्या खुर्चीत बसायचं. शिट्टी वाजून खेळ थांबला की आम्ही हॉर्न देतो, मग आत. खेळ थांबलाच नाही तर खुर्चीतच बसून राहायचं.

समीर धावत आला. “ताई, सबस्टिट्यूशन!” आणि खुर्चीत बसला.

पण खेळ थांबेना. निकाल लागलेली मॅच, कुणाला फाउल करायचीही गरज नाही. इकडे नेम चुकला, तिकडे नेम चुकला. चेंडू येतोय, जातोय. तीस सेकंद. वीस.

“ताई, किती राहिले?”

“बघू नकोस.”

हॉर्न माझ्या हाताशी होता. एक बोट दाबायचं, रेफरी वैतागला असता, पण खेळ थांबला असता. यूपीएससीचा एथिक्सचा, नीतिमत्तेचा, पेपर दोनदा लिहिलेली मी. हात मांडीखाली दाबून बसले.

“अरे, मारा की कुणीतरी बाहेर!” हे मात्र मोठ्यानं निघालं.

आणि आमच्याच एकाच्या गुडघ्याला लागून चेंडू लाइनबाहेर गेला. शिट्टी! घड्याळात शून्य पूर्णांक सहा सेकंद.

मी हॉर्न दिला. समीरनं जॅकेट काढलं, घडी घातली, खुर्चीवर ठेवलं आणि पळत आत गेला. समोरच्यांनी चेंडू आत फेकला, एकानं तो झेलला, बझर वाजला. समीर चेंडूपासून दहा फुटांवर होता.

त्यानं रांगेत सगळ्यांशी हात मिळवले, कागदावर मी त्याच्या नावापुढे खूण केली की नाही ते येऊन बघितलं आणि तिथंच उभा राहिला. मागे वळेना.

अब्बा पिशवी सावरत खाली आले. त्यातून स्टीलची बाटली काढली, झाकण उघडलं आणि त्याच्यापुढे धरली.

“आधी पाणी पी. दमला असशील.”