हिमनदीवरची आंघोळ

हसायचं असेल तर आताच हसून घ्या. कारण माझं काही चुकलं, असं मी शेवटपर्यंत म्हणणार नाही.

झालं असं, की माझा साळा राजू आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावच्या घरी आला अन् म्हणाला, "भाऊजी, यंदा हिमाचलात हिमनदी पाहाले जाऊ."

आता नदीवर जाताना माणूस काय नेतो, तुम्हीच सांगा. मी पंचा घेतला, साबण घेतला, पितळी गडू घेतला.

दहा जणांच्या जीपमधून तिथं पोचलो. भाड्याचा कोट, भाड्याचे बूट, सगळेच अस्वलासारखे दिसत होतो. समोर मळकट बर्फाचा उतार अन् त्यावर दगडगोटे.

"नदी कुठी आहे?" मी विचारलं.

"हेच तं आहे, भाऊजी. तुम्ही तिच्यावरच उभे आहा."

"वाहून तं नाही राहिली."

"वाहते. पण इतकी हळू, का आपल्याले दिसत नाही."

मी पिशवीतून पंचा काढला, तसा राजू पोट धरून हसायला लागला. त्याचं पाहून जीपमधले बाकीचे लोकही हसले. मग मी कशाला माघार घेतो?

गाईड धावत आला. "अंकलजी, यहाँ कोई नहाता नहीं।"

"काऊन नाही? नदी है ना?"

माझ्या बायकोनं, सुनीतानं, बाही धरली. "अजी, ऐका जी. कोट नका काढू."

"ऐन थंडीत नवेगाव बांधच्या पाण्यात उतरणारा माणूस आहो मी," म्हटलं अन् कोट तिच्याच हातात दिला.

बर्फाखालून पाण्याची एक धार निघत होती. अंगावर चड्डी तेवढी ठेवली, गडू भरला अन् डोक्यावर ओतला.

'हर हर गंगे' म्हणायचं होतं. तोंडातून नुसतं 'ह ह ह ह' निघत राहिलं, थांबेचना. लोकांना वाटलं, मंत्र आहे. एका बाईनं हात जोडले. दुसरीनं सुनीताला विचारलं, "ये बाबाजी यहीं रहते हैं क्या?"

सुनीतानं एकदा माझ्याकडे पाहिलं. "पता नहीं, बहनजी," ती म्हणाली, "हम तो गोंदिया से आए हैं।"

अन् माझा कोट घेऊन जीपमध्ये जाऊन बसली.

तरी मी आजही सांगतो, बाकीचे हिमनदी पाहून आले, आंघोळ करून आलो तो मी एकटा. त्या पाण्यानं डावा कान तेवढा बसला. बसू द्या. राजूनं चार लोकांत हा किस्सा काढला, की मी तोच कान त्याच्याकडे करून बसतो.