उजवीकडून आलेला उजेड

आधी नाव सांगतो – कडूबा अण्णा. भोकरदनला त्यांच्या फोटो स्टुडिओत मी सात वर्षं काढली. ते नसते तर मी त्या दिवशीच पळून गेलो असतो. माझं गाव पार गडचिरोलीकडं, शाळा सातवीत सुटली. त्यामुळे लिहिण्यात चुकलंमाकलं सांभाळून घ्या. चमत्कार-बिमत्कार असल्या गोष्टींवर माझा बिलकुल विश्वास नव्हता…

ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. भर दुपार. अण्णा रोल आणायला जालन्याला गेल्ते. राजूरकडची एक बाई दीड वर्षाचं पोरगं घेऊन आली, सोबत तिचा भाऊ. पोराच्या हृदयाला भोक होतं. ऑपरेशनसाठी मोठ्या दवाखान्यात निघाले होते. एसटीला पंधरा मिनिटं.

"याचा एकबी फोटू न्हाई हो आमच्याजवळ," बाई एवढंच बोलली.

रोलमध्ये एकच फोटो शिल्लक होता. आमच्याकडं उजेड मोजायचं मीटर-बिटर नव्हतं. मला हिशोब जमत नाही म्हणून अण्णांनी फ्लॅशच्या स्टँडला गाठी मारलेली सुतळी बांधून दिली होती. ती गिऱ्हाइकाच्या नाकापर्यंत ताणायची – पहिली गाठ आली तर कॅमेऱ्याच्या लेन्सवरचा उजेडाचा आकडा अकरा, दुसरी आली तर आठ. सुतळी नाकाला लागली आणि पोरगं रडायला लागलं.

"ओ फोटूवाले, सदरा शिवून राह्यले का त्याला? गाडी जाईल ना!" भाऊ ओरडला.

घाईघाईनं आठ लावलं, बटण दाबलं. लख्ख उजेड पडला. पोरगं रडायचं थांबून चक्क हसलं. दवाखान्याचं नाव सांगून ते लोक पळतच एसटी स्टँडवर गेले.

मंग मी फ्लॅश बंद करायला गेलो… तर प्लग बोर्डात नव्हताच! बाहेर जाताना अण्णा तो काढून, वायर गुंडाळून ठेवायचे. तशीच गुंडाळलेली.

एकच फोटो, तोही कोरा… आणि पोराचं काही झालं तर? अण्णा आले तेव्हा मी पळून जायला पिशवी भरून रडत बसलो होतो.

"येड्या, उजेड पडला ना? जुना करंट राह्यला असंल आत. आधी फिल्म तर धू."

धुतली. निगेटिव्ह एकदम बराबर. तसं एक्स्पोजर माझ्या हातून पुन्हा कधी आलं नाही. पण प्रिंट काढली तर उजेड उजवीकडून! फ्लॅश कायम डावीकडं असतो. उजवीकडं नुसती भिंत… आणि पोरगं त्या भिंतीकडं बघून हसत होतं.

"निगेटिव्ह उलटी लावली तू," अण्णा म्हणाले.

मी तीट दाखवली. आईनं पोराच्या डाव्या गालाला लावली होती, फोटोतही डाव्याच गालाला होती. अण्णांनी निगेटिव्ह उजेडाला धरून बघितली, मी सुलटीच लावली होती. मला एका शब्दानं बोलले नाहीत. सकाळच्या पहिल्या एसटीनं स्वतः दवाखान्यात गेले आणि फोटो आईच्या हातात देऊन आले.

पोरगं वाचलं नाही. तिच्याजवळ तेवढा फोटो आहे.

तो उजेड कसला, मला आजही सांगता येत नाही.

मी आता सुरतेला असतो. अण्णा थकलेत. जन्मभर लोकांचे फोटो काढले, स्वतःचा एकही काढू दिला नाही. एक दिवस भोकरदनला जाऊन, त्याच सुतळीनं माप घेऊन, मी अण्णांचा फोटो काढणार आहे. प्लग मात्र दोनदा बघीन.